दोन बोटं माया

रस्त्यात कुणालाही विचारा, "मास्तरीणबाई कुठे राहतात?" बोट जाईल ते शिवणाच्या दुकानाकडे. नवखी माणसं हमखास फसतात. एक गृहस्थ मुलीला गणिताची शिकवणी लावायला म्हणून आले होते, ते जाताना स्वतःचे शर्ट शिवायला टाकून गेले. त्याचं असं आहे, की बाईंचे वडील शिंपी. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. ते गेले, मशीन लेकीच्या वाट्याला आलं आणि मशीनबरोबर पदवीही आली. शाळेशी बाईंचं कधी फारसं जमलं नाही, पण हातातला खडू मात्र सुटला नाही. आपण तिला नुसतं मास्तरीण म्हणू. तिला चालतं.

दुकान म्हणजे रस्त्यावर उघडणारी एक खोली. खिडकीपाशी तिचं मशीन, समोर नवऱ्याचं इस्त्रीचं टेबल, कोपऱ्यात उभा आरसा आणि मागे एक जाड पडदा. पडद्यापलीकडे घर. नवरा अबोल. बोलायचं खातं त्याने लग्नाच्या दिवशीच बायकोच्या हवाली केलंय. काही म्हणायचंच असलं तर इस्त्री जरा जोरात टेकवतो, बस्स. मास्तरणीच्या तोंडाचा पट्टा मात्र पायाखालच्या पॅडलबरोबर चालतो. उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाला झापते, पोट सुटलेल्याला टोमणे मारते, आणि तरी लोक तिच्याकडेच येतात. कारण तिने शिवलेला कपडा अंगावर नुसता बसत नाही, तो माणसाला दोन इंच उंच करतो.

आणि तिचा एक नियम. शिवणीच्या आत जादा कापड ठेवतात ना, उद्या कपडा सैल करायची वेळ आली तर असावं म्हणून, त्याला शिंपी माया म्हणतात. बाकीचे शिंपी कापड वाचवायला बोटभर ठेवतात, ही दोन बोटं ठेवते. वडिलांची शिकवण. कपडा घट्ट करायचा तर शिवण आत घ्यायची, पण माया कापायची नाही. "माणूस काय आज आहे तेवढाच राहणार आहे का?" असं ते म्हणायचे आणि कात्री तिच्या हातातून काढून घ्यायचे.

तिचा धाकटा भाऊ या मायेवरच वाढला. आई लवकर गेली, तेव्हा तो टेबलाखालच्या चिंध्यांच्या ढिगावर झोपणारा जीव होता. शाळेची एकच पँट वर्षानुवर्षं चालायची. सुट्टी संपली की स्टुलावर उभा राहायचा आणि ओरडायचा, "ताई, मी वाढलो! माया सोड!" ती शिवण उसवायची, दुमडलेलं कापड मोकळं करायची, आणि पँट पुन्हा अंगाची व्हायची. तिला लेकरू झालं नाही. त्याचं कधी फार वाटलं नाही, कारण एक होतंच.

हा भाऊ मोठा झाला आणि स्टेशनाजवळच्या एका लॉजमध्ये लागला. दारात शिरल्याबरोबर जो हसून पाहुण्यांना किल्ली देतो, तो हाच. त्याच्यासाठी तिने गडद निळा कोट शिवला. काय कोट होता म्हणता! पहिल्या दिवशी तो घालून दुकानात आला तेव्हा नवऱ्यानेसुद्धा इस्त्री बाजूला ठेवली आणि म्हणाला, "साहेब दिसतो." तेव्हापासून मास्तरीण त्याला साहेबच म्हणायला लागली. "या साहेब, बसा साहेब, पाय पुसा साहेब."

मग एकदा कुणाची तरी ट्रंक उचलून नेताना साहेब जिन्यावरून पडला. पाठीचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पाठ बरी झाली, डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या. साहेबाने नाही थांबवल्या. आधी या दुकानातून, मग त्या दुकानातून, आणि दुकानदार नाही म्हणायला लागले तेव्हा स्टेशनामागे उभ्या असणाऱ्या एका माणसाकडून. हे सगळं पुढे कळलं. मास्तरणीला तेव्हा कळलं ते एवढंच, की भाऊ जरा बारीक झालाय.

"ताई, कोट जरा आत घे गं. सैल होतोय."

"वा! लॉजवाले उपाशी ठेवतात वाटतं?" ती म्हणाली आणि टाचण्या तोंडात धरून कामाला लागली. बाजूची शिवण आत घेतली, माया दुमडून ठेवली. कोट पुन्हा चपखल.

काही दिवसांनी परत. मग पँट. मग परत कोट, या वेळी खांद्यालासुद्धा. प्रत्येक वेळी ती अशा खुबीने आत घ्यायची की बघणाऱ्याला वाटावं, माणूस असाच आहे, शिडशिडीत, टापटीप. एकदा तो म्हणाला, आतल्या बाजूला छोटा खिसा कर, गर्दीत पाकीट मारतात. तिने तोही केला, वर बटणही लावून दिलं. त्या खिशात काय जायचं ते आता सांगायला नको.

तिला दिसत नव्हतं का? दिसत होतं हो. चहाचा कप हातात धरून तो बसल्या बसल्या पेंगायचा. उगाच दंड खाजवायचा. विचारलं एक तर उत्तर भलतंच द्यायचा. एकदा नवऱ्याने इस्त्री टेकवली आणि म्हणाला, "साहेब बरा दिसत नाही." ती फिस्कारली, "तुम्ही इस्त्री बघा!" ज्याला अंगाखांद्यावर वाढवलं, त्याच्याबद्दल तसं मनात आणायचं म्हणजे स्वतःच्याच पोटात कात्री खुपसायची. तिने कानाडोळा केला. माणसं करतात.

एके दुपारी तो आला आणि उभ्या उभ्या कोट टाकून गेला. "संध्याकाळी ड्यूटी आहे ताई, तोवर जरासा आत घे." मास्तरणीने अस्तर उसवलं आणि कोट टेबलावर उलटा केला. आणि हात थांबला.

आत घ्यायला जागाच नव्हती. शिवण सरकत सरकत खिशाला येऊन भिडली होती. आत मायेच्या घड्यांवर घड्या, जाडजूड, कोटाच्या पोटात दुसरा कोट असावा तशा. तिने एकेक घडी उलगडली. प्रत्येक वेळी मारलेली खडूची रेघ तिथे होती, तिच्याच हातची. पहिली रेघ इथे, शेवटची तिथे. तिने त्या दोन रेघांमध्ये तळहात ठेवला. तळहात मावला. दुसरा ठेवला, तोही जवळजवळ मावला. इथे तिचा भाऊ होता. तो गेला कुठे?

मशीनचा आवाज नाही म्हणून नवऱ्याने मान वर केली. ती खिळ्यांना टांगलेल्या कपड्यांकडे बघत होती. आत घ्यायला आलेले कपडे. पलीकडच्या बेकरीवालीच्या मुलाच्या पँटी. बँकेतल्या एका कारकुनाचे शर्ट. एका नर्सचा युनिफॉर्म. कोपऱ्यावरच्या वकिलाच्या लेकीचा झगा. कारणं तरी किती सुबक! जिमला जातो. परीक्षेचं टेन्शन आहे. हवा मानवत नाही. सगळेच तसे होते असं नाही हं, काही खरोखरच पहाटे उठून धावत होते. पण सगळेच काही धावत नव्हते. या रस्त्यावर माणसं आतल्या आत झिजत होती, आणि ती कुणाच्या लक्षात येऊ नयेत अशी व्यवस्था मास्तरीण आपल्या सुबक हातांनी करून देत होती.

"अगं बाई," ती एवढंच म्हणाली आणि स्टुलावर बसली. मग उठली. रडायचं नंतर बघू. तिने सुई घेतली आणि कोटाची प्रत्येक टीप उसवली, माया सगळी मोकळी केली आणि पहिल्या मापावर कोट पुन्हा शिवला. नवऱ्याने काही न विचारता त्याला इस्त्री मारून दिली.

संध्याकाळी साहेब आला, कोट चढवला, आरशासमोर उभा राहिला. बाह्या बोटांवर आल्या होत्या. खांदे दंडावर उतरले होते. खुंटीला टांगलेला बरा दिसला असता.

"ताई, हे काय केलंस?"

"तुझा कोट तुला दिला. तुझ्याच मापाचा."

"हा घालून मी कामावर जाऊ? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी वर्षभर कुणाला काही म्हणू दिलं नाही, तेच चुकलं." मग तिने सरळ विचारलं, "काय घेतोस?"

तो हसला, चिडला, पाठ दुखते म्हणाला, शपथा घेतल्या. शेवटी रडकुंडीला आला. "एकदाच आत घे ताई. शेवटचं. मग सोडतो सगळं. तुझ्या गळ्याची शपथ."

"माझा गळा सोड. कोट मी आत घेणार नाही." तिने मागचा पडदा हाताने वर धरला. "तुला घेते. ये आत. बस, जेव, झोप. उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

तो पडद्याकडे बघत उभा राहिला. मग तसाच ढगळ कोट घालून ताडताड निघून गेला. मास्तरीण किती तरी वेळ पडदा धरून उभी होती. नवऱ्याने येऊन तो तिच्या हातातून सोडवला, तेव्हा ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली.

नंतर तो फिरकलाच नाही. लॉजवर जाऊन चौकशी केली तर मालक म्हणाला, त्याचा अवतार बघून मीच त्याला रजा दिली, बरा होऊन ये म्हटलं. बिचाऱ्या मालकालासुद्धा तोवर काही दिसलं नव्हतं. कसं दिसणार? कोट चांगला बसत होता ना!

मास्तरणीचा जीव टांगणीला लागला, पण दुकान बंद ठेवणाऱ्यांतली ती नव्हे. तिने नवाच हट्ट धरला. कपडा आत घ्यायचा असेल तर माणूस समोर पाहिजे, माप घेतल्याशिवाय सुईला दोरा नाही. बेकरीवाली मुलाच्या पँटी न्यायला आली, तर त्या पँटी तशाच टांगलेल्या.

"मुलाला घेऊन ये," मास्तरीण म्हणाली.

"त्याला कुठे वेळ आहे! जिम, मित्र..."

"मग पँट पण तशीच राहील."

बेकरीवाली म्हणजे हसरी, ऐसपैस बाई, दुकानभर तिचा आवाज. पण त्या दिवशी तिचा पारा चढला. "तू शिवणकाम करतेस का पोलिसात लागलीस गं? माझ्या पोराचं काय ते मी बघीन!"

दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती. दारात दोघं-तिघं उभे होते. मास्तरणीने मशीनवरचा हात काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझा भाऊ गोळ्या खातो. नशेच्या. तो वाळत गेला आणि मी त्याचे कपडे आत घेत गेले. तुझ्या पोराचे नाही घेणार."

इस्त्रीचं फुसफुसणंसुद्धा थांबलं. बेकरीवाली गिऱ्हाइकाच्या स्टुलावर मटकन बसली, आणि ती एवढी मोठी बाई, ओढणीत तोंड खुपसून रडायला लागली. "माझा पण गं," ती म्हणाली. "माझा पण. मी कुणाला सांगणार होते?" दारातला एक म्हातारा घसा खाकरून आत आला आणि हळूच म्हणाला, त्याच्या जावयाला पुलापलीकडच्या व्यसनमुक्ती केंद्रात नेलं होतं, तिथली डॉक्टरीण चांगली आहे. इतकी वर्षं तो शर्ट शिवून नेत होता, जावयाचं एका शब्दाने बोलला नव्हता.

दोघी दुसऱ्याच दिवशी पुलापलीकडे गेल्या. मास्तरीण तिथेही मास्तरीणच. आधी पडद्यांची शिलाई बघून नाक मुरडलं, मग डॉक्टरणीला म्हणाली, "कधी बरा होईल ते सांगा. मी गिऱ्हाइकाला तारीख देते, तुम्ही मला द्या."

डॉक्टरीण हसली. "तारीख देता येत नाही. हा आजार आहे, हट्ट नव्हे. घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका, जिवावर बेतू शकतं, इथे आणा. बरा झाला तरी पुन्हा घसरू शकतो. घसरला तर परत आणा, घराबाहेर काढू नका."

"म्हणजे ट्रायलवर ट्रायल."

"तसंच. पण त्याची स्वतःची तयारी हवी. बांधून आणलेलं फार टिकत नाही."

हेच तर अवघड होतं. तो यायला हवा होता, आणि तो कुठे होता ते कुणाला ठाऊक नव्हतं. मास्तरीण रोज दुकान उघडलं की आधी रस्त्याच्या वरच्या टोकापर्यंत नजर टाकायची. गिऱ्हाईक झापायची, टोमणे मारायची, सगळं नेहमीसारखं. फक्त मागचा पडदा तिने खिळ्याला अडकवून उघडा ठेवला होता. नवरा तो कधीच सोडत नसे.

एका सकाळी ती बॉबिन भरत होती आणि दारात सावली आली. साहेब. कोट अंगाला अगदी चिकटून बसलेला, आणि हातात कागदाची पिशवी. मास्तरणीची नजर आधी कोटावर गेली. काय करणार, सवय. टीप परक्या हाताची होती.

"दुसरीकडे गेलास," ती म्हणाली.

"स्टेशनाजवळच्या शिंप्याकडे." त्याचा आवाज ओठांतच राहत होता. "लॉजवर परत उभं राहायचं होतं गं. मी त्याला म्हणालो, फक्त आत घ्या, कापू नका. दोनदा सांगितलं. तरी त्याने माया कापली, ताई."

त्याने पिशवी पुढे केली. आत निळ्या कापडाच्या पट्ट्या होत्या. शिंपी तेवढा प्रामाणिक, उरलेलं कापड परत दिलेलं.

"मेल्याचे हात झडोत!" मास्तरीण कडाडली. "शिंपी आहे का खाटीक? कोटाची माया कुणी कापतं का?"

"मी पण तेच म्हणालो. तर तो म्हणाला..." त्याने कोटाची कड चाचपली. "म्हणाला, ठेवून काय करायचंय? आता कुठे हे अंग भरणार आहे. हसतसुद्धा नव्हता गं, ताई. त्याला खरंच तसं वाटलं. टेप घेऊन माझ्याकडे बघत होता, आणि त्याला वाटलं, याला आता मायेची गरज नाही."

एवढं बोलला आणि तो एवढा मोठा माणूस स्टुलावरच्या पोरासारखा हमसून रडायला लागला. "आता मी वाढलो तर?"

मास्तरणीने पिशवी त्याच्या हातातून घेतली, मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आणि ड्रॉवर लावून टाकला. मग खणखणीत आवाजात म्हणाली, "तू वाढ तर खरा. कोटाचं मी बघते. आता आत ये."

तो आत आला. नवऱ्याने इस्त्री बंद केली आणि भर सकाळी दुकानाला कुलूप घातलं.

पुढचं सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ती थाप होईल. केंद्रातले सुरुवातीचे दिवस त्याने कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. घरी आला, बेकरीवालीचे पाव खाऊन चेहऱ्यावर तुकतुकी आली, आणि मग एकदा स्टेशनामागे जाऊन आला. मास्तरणीने आकाशपाताळ एक केलं, ताटं आपटली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः त्याला पुलापलीकडे सोडून आली. "ट्रायलवर ट्रायल," डॉक्टरणीला म्हणाली. बेकरीवालीचा मुलगा तर मधेच पळून आला, अजून त्याचं खालीवर चाललेलं असतं. पण बेकरीवाली आता रडत बसत नाही, हिशोबाने भांडते, आणि भांडायला जाताना मास्तरणीला बरोबर घेते. दुकानात आता लोक कपड्यांबरोबर असलंही काही घेऊन येतात. मास्तरीण ऐकते, झापते, पुलापलीकडचा पत्ता सांगते.

साहेब दुसऱ्यांदा परत आला तो टिकला. लॉजच्या मालकाने बोलावणं धाडलं तेव्हा त्याने कपाटातला कोट काढून अंगात घातला. बटण काजापर्यंत पोचेना. त्याने श्वास रोखून पोट आत घेतलं, तर मास्तरणीने पोटावर चापट मारली. "सोड! या दुकानात आता काही आत घ्यायचं नाही."

तिने गळ्यातला टेप काढला आणि त्याचं माप घेतलं. छाती, पोट, खांदे. कोट पहिल्यांदा शिवला तेव्हा घेतलं होतं, त्यानंतर आजच. मग ड्रॉवरमधून पिशवी काढली. एकेक पट्टी कोटाच्या बाजूला लावून जोड दिला. कमी पडलं तिथे बाहीच्या दुमडीतलं कापड काढलं, आणि तरी आत दोन बोटं राखली. कोट बसला. पण बाहेरचं कापड उन्हाने विटलं होतं आणि पट्ट्या घडीतल्या घडीत राहिल्यामुळे अजून गडद होत्या. काखेपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंना एकेक पट्टा उठून दिसत होता.

साहेब आरशासमोर इकडून तिकडून वळला. "ताई, जोड दिसतोय गं."

"दिसू दे."

"लोक विचारतील ना, हे काय म्हणून."

मास्तरीण मशीनवर बसली, सुईत दोरा ओवला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "माया आहे म्हणून सांग."